चित्रपट-तबकड्यांची घरगुती प्रतिलिपी

चित्रपट-तबकड्यांची घरगुती प्रतिलिपी : विकत घेतलेल्या दृश्य-तबकडीवरील (व्हीसीडी, डीव्हीडी इ.) चित्रपट गृहसंगणकाच्या साहाय्याने वाचून त्याची राखीव प्रत दुसऱ्या तबकडीवर किंवा संगणकाच्या स्मृतिसंचात करून ठेवण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावता येते. मूळ तबकडी ओरखडली, फुटली किंवा कालौघात निकामी झाली, तरी चित्रपट हाती राहावा हा तिचा हेतू असतो. विक्रीसाठी केलेल्या चोरट्या प्रतींहून ही क्रिया हेतूच्या दृष्टीने वेगळी आहे. तथापि दोहोंचे तंत्र एकच असल्याने कायद्याच्या व उद्योगाच्या दृष्टीने त्यांच्यातील सीमारेषा सतत वादग्रस्त राहिली. प्रस्तुत नोंदीत या क्रियेचा इतिहास सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात दिला आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या परिसराचा सांस्कृतिक इतिहास बव्हंशी एकत्रच पाहावा लागतो.

पार्श्वभूमी : चित्रपट ही कला जन्मापासूनच प्रतींवर अवलंबून आहे. रंगमंचावरील प्रयोग संपला की संपतो; चित्रपट मात्र मूळ ऋणपटावरून (निगेटिव्ह) काढलेल्या प्रतींच्या रूपाने गावोगाव जातो. प्रती टिकल्या तर चित्रपट टिकतो, त्या गेल्या तर तो नामशेष होतो. भारतीय चित्रपटांच्या बाबतीत हे वारंवार घडले. पहिला भारतीय बोलपट आलम आरा (१९३१) आज उपलब्ध नाही. याउलट कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा (१९३२) प्रती राहिल्यामुळे वाचला आणि आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय बोलपटाचा मान त्याच्याकडे जातो. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटाचीही काही रिळेच शिल्लक आहेत आणि ती १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

या नाशाची कारणे प्रामुख्याने तीन होती. पहिले, फितीचे द्रव्य. सु. १९५० पर्यंत वापरात असलेली नायट्रेट फीत अत्यंत ज्वालाग्राही असे. तिच्यानंतर आलेली ॲसिटेट फीत सहजी पेट घेत नसली, तरी उष्ण व दमट हवेत कुजते व तिला शिरक्यासारखा (व्हिनेगरसारखा) वास येऊ लागतो. दुसरे, आगी. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत भालजी पेंढारकर यांचा कोल्हापूर येथील जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. पुणे येथे ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. तिसरे कारण माणसांच्या अनास्थेचे. चित्रपटाचा धंदा संपला की त्याच्या प्रती अडगळ ठरत आणि फितीतील चांदी काढून घेण्यासाठी त्या विकल्या जात. भारत सरकारने १९६४ मध्ये पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन केले. प. कृ. नायर यांनी तेथे अनेक वर्षे प्रती जमविण्याचे कार्य केले. परंतु तोवर मूकपटांपैकी बहुतांश नाहीसे झाले होते.

परिसर व चित्रपट : सातारा-सांगली परिसरात चित्रपटनिर्मितीचे मोठे केंद्र नव्हते, ते लगतच्या कोल्हापुरास होते. तथापि या परिसराने चित्रपटास लेखक व विषय पुरविले. ग. दि. माडगूळकर यांचा जन्म आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे १९१९ मध्ये झाला. त्यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी दो आँखें बारह हाथ (१९५७) हा चित्रपट काढला. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, १९३९ मध्ये, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली होती व तिच्या उभारणीत मॉरिस फ्रीडमन यांचा वाटा होता. या चित्रपटाच्या मुळाशी हाच प्रयोग आहे. औंध हे राजधानीचे गाव आज सातारा जिल्ह्यात, तर स्वतंत्रपूर सांगली जिल्ह्यात मोडते. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांवरूनही चित्रपट निघाले. वैजयंता (१९६१) व फकिरा (१९६३) हे त्यांपैकी होत. पुढे मेणवली, वाई व धोमचा परिसर चित्रीकरणासाठी प्रसिद्धीस आला. स्वदेस (२००४) मधील गावाची अनेक दृश्ये मेणवलीची आहेत.

प्रेक्षक म्हणून या परिसराची स्थिती निराळी होती. नव्या चित्रपटाच्या मोजक्या प्रती काढल्या जात. त्या प्रथम मुंबई-पुण्यास, नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी व तालुक्यांच्या गावी आणि अखेरीस फिरत्या तंबू-चित्रपटगृहांकडे येत. पुसेगावची सेवागिरी महाराजांची, म्हसवड व खरसुंडी येथील सिद्धनाथाची अशा यात्रांत हे तंबू लागत व माण-खटाव-आटपाडीच्या कोरडवाहू पट्ट्यातील माणसे वर्षातून एकदा तेथे चित्रपट पाहत. येथवर पोहोचलेली प्रत शेकडो खेळांनी झिजलेली असे. तुटलेल्या जागी चिकटविताना काही चौकटी गळालेल्या असत व एखादे गाणे अर्ध्यावरच संपे. चित्रपट ही आपल्या मालकीची वस्तू नसून पाहुण्यासारखी येऊन जाणारी गोष्ट आहे, ही येथील प्रेक्षकाची धारणा अशा रीतीने घडली होती. पुढे चित्रपट तबकडीच्या रूपाने घरात आला, तेव्हा तो जपून ठेवण्याची जी ओढ दिसून आली, तिचा उगम या पूर्वानुभवात शोधता येतो. या फिरत्या तंबूंच्या अखेरच्या काळाचे चित्रण शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या द सिनेमा ट्रॅव्हलर्स (२०१६) या अनुबोधपटात आढळते.

दृक्‌फितीचा काळ : चित्रपटाची प्रत घरी करता येणे प्रथम शक्य झाले ते चुंबकीय दृक्‌फितीमुळे. व्हीएचएस पद्धती १९७६ मध्ये जपानमध्ये निघाली. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्यामागोमाग दृक्‌फीत यंत्रे (व्हीसीआर) परदेशातून येऊ लागली. छोट्या गावांतून ‘व्हिडिओ’ भाड्याने आणून रात्रभर चित्रपट दाखविण्याची प्रथा सुरू झाली. दोन यंत्रे तारेने जोडली की एका फितीवरून दुसरी फीत भरता येई. मात्र ही प्रत सदृश (ॲनालॉग) स्वरूपाची असल्याने प्रत्येक पिढीगणिक चित्र पुसट होत जाई. प्रतीच्या प्रतीची प्रत पाहण्याजोगी राहत नसे. ही घसरण म्हणजे निर्मात्यांना मिळालेले एक नैसर्गिक संरक्षणच होते. त्यात भर म्हणून १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास मॅक्रोव्हिजन ही पद्धत आली. तिच्यामुळे प्रत घेणाऱ्या यंत्राची संकेतपातळी बिघडून चित्र कधी उजळ, तर कधी काळवंडलेले उमटे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी कंपनीच्या खटल्यात, दूरचित्रवाणीचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा न्याय्य वापर ठरविला. घरगुती प्रतीस मिळालेली ही पहिली मोठी न्यायालयीन मान्यता होय. भारतात त्याच वर्षी लेखाधिकार (कॉपीराइट) कायद्यात दुरुस्ती होऊन दृक्‌फितीवरील चित्रपटाचा समावेश चित्रपटाच्या व्याख्येत करण्यात आला.

तबकडीची रचना : फिलिप्स व सोनी यांनी १९८२ मध्ये ध्वनीसाठी बाजारात आणलेली सघन तबकडी (सीडी) हा पुढील सर्व प्रकारांचा पाया होय. १२ सेंमी. व्यासाच्या व १·२ मिमी. जाडीच्या पॉलिकार्बोनेटाच्या चकतीवर सूक्ष्म खळग्यांची सर्पिल रेषा असते. तिच्यावर ॲल्युमिनियमाचा परावर्तक थर, त्यावर लाखेचा पातळ लेप व छापील मजकूर असतो. खळग्यांवरून परावर्तित होणाऱ्या लेसर किरणातील फरकांवरून अंकीय माहिती वाचली जाते.

चित्र-तबकडी किंवा व्हीसीडी हिचे मानक १९९३ मध्ये ठरले. तीत चित्र ३५२×२८८ बिंदूंचे, सेकंदास २५ चौकटींचे असून ते संपीडित करून सेकंदास सु. ११·५ लाख बिट इतक्या प्रवाहात बसविलेले असते. एका तबकडीवर सु. ७४ मिनिटांचे चित्रण मावते. म्हणून मराठी चित्रपट सामान्यतः दोन तबकड्यांच्या वेष्टनात मिळत. येथे एक महत्त्वाची तडजोड केलेली आहे. संगणकीय माहितीच्या तबकडीत प्रत्येक खंडात २,०४८ बाइट माहिती व तिच्या जोडीला चुका दुरुस्त करणारे जादा अंक असतात. व्हीसीडीच्या चित्रखंडात हे जादा अंक वगळून त्यांच्या जागी चित्रच भरले जाते व खंडात २,३२४ बाइट बसतात. परिणामी ७४ मिनिटांच्या तबकडीत सु. ६८ कोटींऐवजी सु. ७७ कोटी बाइट मावतात. परंतु ओरखडा पडल्यास चूक दुरुस्त करण्याची क्षमता कमी राहते. व्हीसीडी स्वस्त होती, तितकीच नाजूकही होती.

अंकीय बहुउपयोगी तबकडी (डीव्हीडी) १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये विक्रीस आली. तीत ०·६ मिमी. जाडीच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटविलेल्या असून माहितीचा थर मधोमध सुरक्षित असतो. एका थरात ४·७ अब्ज, तर दुहेरी थरात ८·५ अब्ज बाइट मावतात. चित्र ७२०×५७६ बिंदूंचे, म्हणजे व्हीसीडीच्या सु. चौपट तपशिलाचे असते. तबकडीवरील माहिती ठरावीक संचिकांत विभागलेली असते : चित्र व ध्वनी असलेल्या व्हीओबी, अनुक्रमणिकेच्या आयएफओ आणि तिच्याच दुबार प्रतीच्या बीयूपी. अनुक्रमणिका बिघडली तर चित्रपट अडू नये म्हणून तिची राखीव प्रत खुद्द उत्पादकानेच तबकडीवर ठेवलेली असते. राखीव प्रतीची गरज या माध्यमाच्या रचनेतच मान्य केलेली आहे, असे यावरून म्हणता येते.

गृहसंगणकाचा प्रवेश : भारतात व्हीसीडीचा प्रसार १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात झपाट्याने झाला. तिची चालनयंत्रे स्वस्त होती आणि तबकडीवर कोणतेही कुलूप नव्हते. मोसर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास आरंभ केला, तेव्हा चित्रपट विकत घेणे पुस्तक घेण्याहून स्वस्त झाले. याच काळात जिल्ह्यांच्या गावी संगणक पोहोचला. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) व कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांमुळे तंत्रज्ञ वर्ग येथे आधीपासून होता. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणकाची ओळख तालुक्याच्या व बाजारपेठेच्या गावांतील सामान्य कुटुंबांपर्यंत नेली. संगणकाबरोबर तबकडी-लेखक (राइटर) आला आणि प्रतिलिपी घरच्या घरी होऊ लागली.

कृती : व्हीसीडीची प्रत करण्याची कृती सोपी वाटली, तरी तीत खाचखळगे होते. संगणकाच्या पडद्यावर तबकडीतील चित्रपट ‘डॅट’ संचिकेच्या रूपाने दिसे. ती उचलून स्मृतिसंचात ठेवली की काम झाले, असा सार्वत्रिक समज होता. परंतु चित्रखंडांत चूक-दुरुस्तीचे अंक नसल्याने एखादा खंड नीट वाचला न गेल्यास संगणक संपूर्ण संचिकाच नाकारी. अशा वेळी खंडवार वाचून, न वाचलेले खंड वगळून पुढे जाणाऱ्या आज्ञावली वापराव्या लागत. सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे संपूर्ण तबकडीची, तिच्यातील प्रत्येक खंडासह, जशीच्या तशी प्रतिमा (इमेज) घेणे हा होय.

डीव्हीडीच्या बाबतीत तीन पायऱ्या असत. प्रथम तबकडी वाचून तिचे सांकेतिक कुलूप काढणे. नंतर दुहेरी थराची माहिती एकेरी थराच्या कोऱ्या तबकडीत बसेल इतकी संकुचित करणे. आणि शेवटी ती लिहिणे. दोन तासांचा चित्रपट ४·७ अब्ज बाइटांत बसवायचा, तर ध्वनीसह सेकंदास सु. ५२ लाख बिट एवढाच प्रवाह हाती राहतो. दुहेरी थरातील प्रवाह याच्या पाऊणेदोन पटींहून अधिक असू शकतो. हा फरक भरून काढण्यासाठी अन्य भाषांतील ध्वनिपट्ट्या व पूरक चित्रणे वगळीत. तरीही न बसल्यास चित्राचा सूक्ष्म तपशील कमी करीत. या कामासाठी डीव्हीडी श्रिंक यासारख्या आज्ञावली विनामूल्य मिळत. दृक्‌फितीच्या प्रतीपेक्षा येथील भेद मूलभूत आहे. तपशील कमी न करता घेतलेली अंकीय प्रत मुळाशी बिट न् बिट समान असते. तिची हजारावी प्रतही पहिलीइतकीच चांगली असते. जतन करू पाहणाऱ्यास जे वरदान, तेच निर्मात्याच्या दृष्टीने संकट ठरले.

कुलूप व किल्ली : हे संकट ओळखून डीव्हीडीच्या प्रवर्तकांनी आशय-गूढलेखन पद्धती (सीएसएस) योजिली होती. चित्रपट ४० बिटांच्या किल्लीने कूटबद्ध केलेला असे आणि किल्ल्यांची माहिती तबकडीच्या अशा भागात ठेवलेली असे, की सामान्य कोऱ्या तबकडीवर तो भाग लिहिताच येऊ नये. याखेरीज जगाचे विभाग पाडून प्रत्येक विभागास क्रमांक दिले; भारत पाचव्या विभागात येतो. परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांनी धाडलेली तबकडी येथील यंत्रावर न चालणे किंवा येथून नेलेली तेथे न चालणे, हा अनुभव त्यामुळे अनेक मराठी कुटुंबांस आला. ऑक्टोबर १९९९ मध्ये डीसीएसएस ही कुलूप उघडणारी आज्ञावली जगभर प्रसृत झाली. तिच्याशी संबंधित असलेला नॉर्वेमधील यॉन लेक योहानसेन हा तरुण त्यावेळी अवघा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला भरण्यात आला; परंतु स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहणे हा गुन्हा नव्हे, या भूमिकेतून २००३ मध्ये दोन न्यायालयांनी त्यास निर्दोष ठरविले. अमेरिकेत मात्र १९९८ च्या कायद्यान्वये कुलूप तोडणाऱ्या साधनांवर बंदी होती. राखीव प्रतीसाठी आज्ञावली विकणाऱ्या ३२१ स्टुडिओज या कंपनीविरुद्ध २००४ मध्ये निकाल गेला व त्याच वर्षी ती बंद पडली. एकच कृती एका देशात हक्क व दुसऱ्यात अपराध ठरली.

भारतीय कायदा : १९५७ च्या लेखाधिकार कायद्यातील ५२ व्या कलमात हक्कभंग न ठरणाऱ्या कृती दिल्या आहेत. खाजगी वापरासाठी न्याय्य व्यवहाराची मुभा पूर्वी वाङ्मयीन, नाट्य, संगीत व कलाकृतींपुरतीच होती; चित्रपटाचा तीत समावेश नव्हता. संगणक-आज्ञावलीची राखीव प्रत करण्याची परवानगी १९९४ च्या दुरुस्तीने मिळाली, परंतु तीही आज्ञावलीपुरतीच होती. त्यामुळे व्हीसीडीच्या भरभराटीच्या काळात, विकत घेतलेल्या चित्रपटाची प्रत कपाटात ठेवणाऱ्या गृहस्थास कायद्याचा स्पष्ट आधार नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुभा आज्ञावली सोडून सर्व प्रकारच्या कृतींस लागू झाली व चित्रपट तीत आला. त्याच दुरुस्तीने ६५अ हे कलम घालून, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा ठेविली. कायद्याने मनाई न केलेल्या हेतूसाठी केलेली कृती या कलमातून वगळलेली आहे. भारतीय कायद्याचा भर असा कुलपापेक्षा हेतूवर आहे. खाजगी वापर कोठे संपतो हे मात्र प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर अवलंबून राहते. शेजाऱ्यास, दुकानास किंवा यात्रेतील खेळास दिलेली प्रत खाजगी राहत नाही. व्यापारी चौर्याविरुद्धचे कायदे मात्र कडक होत गेले. २०२३ च्या चलच्चित्र (सुधारणा) कायद्याने चित्रपटाचे अनधिकृत मुद्रण व प्रदर्शन यांस तीन महिने ते तीन वर्षे कैदेची व किमान तीन लाख रुपये दंडाची शिक्षा आहे.

कालमर्यादेचा प्रश्नही लक्षणीय आहे. चित्रपटाचा लेखाधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो व त्यातील वाङ्मयाचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. वैजयंता १९६१ चा असल्याने चित्रपट म्हणून त्याचा अधिकार २०२१ च्या अखेरीस संपला. परंतु मूळ कादंबरीचे लेखक अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये निवर्तले, म्हणून तिचा अधिकार २०२९ च्या अखेरीपर्यंत राहतो. गीते व संगीत यांची गणना त्या त्या कर्त्यानुसार निराळी होते. सर्व अधिकार संपून चित्रपट खऱ्या अर्थाने सर्वांचा होईपर्यंत त्याची चांगली प्रत कोणाजवळ तरी शिल्लक असली पाहिजे, ही अट कायद्याने घातलेली नाही. ती काळाने घातलेली आहे.

तबकडीचे आयुष्य : तबकडी अक्षय आहे, असा प्रारंभी समज होता. अनुभव निराळा आला. सीडी व व्हीसीडी यांचा परावर्तक थर छापील बाजूस लागून असल्याने त्या बाजूवरील ओरखडा खालच्या बाजूवरील ओरखड्याहून अधिक घातक असतो. खालचा ओरखडा घासून काढता येतो. वरचा थर निघाला तर माहितीच निघून जाते. कडेने हवा व ओल शिरल्यास ॲल्युमिनियम गंजते. घरी लिहिलेल्या तबकडीत खळगे नसून सेंद्रिय रंजकाचा थर असतो. लेसर किरणाने त्यावर डाग पाडून माहिती नोंदलेली असते. उन्हाने व उष्णतेने हा रंजक विटतो. म्हणजे कारखान्यात ठसा मारून काढलेल्या मूळ तबकडीपेक्षा तिची घरी केलेली राखीव प्रत बहुधा आधी मरते. राखीव प्रत करून निश्चिंत झालेल्या अनेकांच्या हे उशिरा ध्यानात आले.

या परिसराच्या हवामानात दोन्ही टोके आढळतात. महाबळेश्वरास वर्षाकाठी सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो, तर माण व आटपाडी या भागांत तो सु. ५०० मिमी. इतकाच असतो. पश्चिमेस ओल व बुरशी, पूर्वेस उन्हाळ्यातील ताप व धूळ हे तबकड्यांचे शत्रू होत. कृष्णाकाठी त्यांत महापुराची भर पडते. सांगलीस २००५, २०१९ व २०२१ मध्ये मोठे पूर आले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी सु. ५७·५ फुटांवर गेली होती, तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. स्वच्छ पाण्याने तबकडी लगेच बिघडत नाही. गाळ पुसताना पडणारे ओरखडे आणि वेष्टनातील ओला कागद चिकटून निघणारा छापील थर यांनी ती निकामी होते. भिजलेली तबकडी प्रथम स्वच्छ पाण्यात धुऊन, मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत टिपून, सावलीत वाळवावी. मूळ तबकडी व तिची राखीव प्रत एकाच कपाटात असतील, तर पुरात दोन्ही जातात. म्हणून तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांत व एक प्रत दुसऱ्या गावी, हा संग्रहशास्त्रातील नियम घरगुती संग्रहासही लागू पडतो. प्रत केल्यानंतर ती मुळाशी जुळते की नाही हे पडताळा-अंकाने तपासणे व दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर हलविणे, हे त्याचेच पुढील भाग होत.

सद्यःस्थिती व महत्त्व : २०१० नंतरच्या दशकात तबकडीचा काळ ओसरला. महाजालावरून चित्रपट पाहणे सुलभ झाले, नव्या संगणकांतून तबकडी-वाचक नाहीसे झाले आणि मोसर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून जुन्या चित्रपटांचे अंकीकरण व पुनःस्थापन होत आहे. परंतु संग्रहालयांचे लक्ष साहजिकच गाजलेल्या चित्रपटांकडे अधिक असते. यात्रेतील तमाशा, गावचे कीर्तन, लग्न, सत्कार, निवडणुकीची सभा असे घराघरांत तबकडीवर नोंदलेले चित्रण कोणत्याही संग्रहालयात नाही. त्याची बहुधा एकच प्रत असते आणि तीही रंजकाच्या थरावरील, म्हणजे अल्पायुषी असते. बाजारातील चित्रपटाची तबकडी गेली, तर तो अन्यत्र सापडण्याची आशा असते. अशी तबकडी गेली की त्या माणसांचा आवाज व चेहरा कायमचा जातो. घरगुती प्रतिलिपीचे तंत्र चित्रपटाच्या हौसेतून येथे रुजले असले, तरी त्याचा सर्वांत निकडीचा उपयोग या चित्रणासाठी आहे.

महाजालावर चित्रपट उपलब्ध असणे म्हणजे तो जतन होणे नव्हे. हक्कधारकाचा करार संपला की तो तेथून निघून जातो आणि प्रेक्षक पुन्हा तंबूबाहेरच्या प्रेक्षकासारखा वाट पाहणारा ठरतो. तबकडीने एका पिढीस चित्रपटाची मालकी, आणि तिच्याबरोबर तो सांभाळण्याची जबाबदारीही दिली होती. त्या तबकड्यांवरील माहिती वाचता येण्याजोगी यंत्रे अद्याप मिळतात आणि घरच्या संगणकास जोडता येतात. ती मिळत आहेत तोवरच या तबकड्यांच्या प्रती काढणे शक्य आहे.